मुकीची डावी बाजू

सोमवार, ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते, बाकीचं नंतर. मागच्या पत्रात मी तुला कळवलं की डाव्या अंडाशयावरची गाठ पावणेतीन इंचांची आहे. ती पावणेदोन इंचांची आहे. रिपोर्टवर साडेचार सेंटिमीटर असा आकडा आहे. त्याचे मी तुझ्यासाठी इंच केले आणि करता करता सवयीने दोन्ही बाजूंची अर्धा अर्धा इंच माया त्यात मिळवून टाकली. तूच शिकवलंस ना, अंगाचं माप उघडं लिहायचं नाही, शिवणीच्या आत जाणारं कापड धरूनच वहीत मांडायचं. मोजणी कचेरीत इतकी वर्षं दुसऱ्यांचे नकाशे तपासते, तिथे असं कधी झालं नाही. स्वतःच्या पोटातलं माप लिहायला बसले आणि पुन्हा तुझ्या कापायच्या टेबलाखाली पाटी घेऊन बसलेली मुलगी झाले. माझ्याकडच्या नकलेत खोडून बरोबर केलंय. तुझ्याकडच्या पत्रातही कर.

एका इंचाने पुष्कळ फरक पडतो म्हणून हे सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाठीची भिंत पातळ आहे, आत नुसतं पाणी दिसतंय, अशा गाठी बऱ्याचदा आपल्या आपण विरतात. आठ एप्रिलला पुन्हा सोनोग्राफी करायची. दुसऱ्या कुणाला त्यांनी एवढंच सांगून घरी पाठवलं असतं. पण माझं उजवं अंडाशय सहा वर्षांपूर्वी कर्करोगात गेलंय, त्यानंतर केमोचे सहा डोस झालेत, आणि आता जे काही आहे ते या डाव्यातच आहे. गाठ राहिली किंवा वाढली तर ऑपरेशन. त्या ऑपरेशनच्या कागदावर शेवटून दुसरी ओळ अशी आहे की गरज वाटल्यास अंडाशय काढायला माझी संमती आहे. त्या ओळीखाली सही केली तर स्वतःचं मूल होण्याची वाट बंद होऊ शकते. नाही केली तर आत काही वाईट दिसलं तरी बाईंचा हात बांधलेला. मी कागद घरी घेऊन आलेय. टेबलावर ठेवला की जेवताना दिसतो, म्हणून कपाटात ठेवलाय. आता कपाट दिसतं.

घरात कुणाला हा आजार होता का, हा नेहमीचा प्रश्नही होता. मी नेहमीसारखं ‘नाही’ असंच लिहिलं आणि आई तापाने गेली असं खाली जोडलं. बाईंनी चष्मा काढून विचारलं, नक्की का. मी नक्की म्हटलं. मग त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की हीच ती, जिची पहिली गाठ हिच्या आत्याने शिवणाच्या टेपने शोधली. तू तिथे अजून प्रसिद्ध आहेस. मला मात्र फक्त तुझी भाची म्हणून ओळखतात.

कोटाचं कुठवर आलं? मुकीवर चढवून बघ, मी येण्याची वाट पाहू नकोस. तिच्या अंगावर माझीच मापं आहेत. कापसाची पुतळी ती, तिला डोकं नाही, हात नाहीत, तरी दुकानातल्या सगळ्यांत सरळ उभी राहणारी तीच, असं तू मला ऐकवत आली आहेस.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे. कमी झाला तर आकडा कळव.

तुझी,
टाचणी

*

शुक्रवार, ८ मार्च

चि. टाचणीस,
अ. आ.

एक इंच परत मिळाला म्हणून मास्तरला चहा पाजला. कशाचा इंच ते सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. तुझ्या बापाच्या वेळेपासून या दुकानात कापतोय, पण चहाचं कारण विचारायची चूक त्याने कधी केलेली नाही. तुझ्या पत्रातला आकडा मी खडूने खोडलाय. तरी खालचा दिसतोच.

जेवत जा. कपाटाकडे बघत जेवलीस तरी चालेल, पण जेव. तो लांब्या अजून येतो का? त्याचा एक सदरा शिवायचा तर दोघांचं कापड लागेल, म्हणून म्हणते, लग्न करायचं असेल तर मला वर्षभर आधी कळव. त्याला हे वाचून दाखव. हसला तर माणूस बरा आहे.

आता कोटाचं. तू दवाखान्यात गेलीस त्याच सोमवारी, सव्वीस फेब्रुवारीला, मी तो कच्च्या टाक्यांवर मुकीला चढवला. उजवी बाजू बेतल्यासारखी बसली. डावीकडून बटण काजापर्यंत येईना. वाटलं, आता डोळे गेले, कापताना चुकले. उसवला, पुन्हा जोडला, गुरुवारी पुन्हा चढवला. बटण आणखी लांब. मग कोट काढून मुकीलाच मोजलं. कमरेवर मधल्या शिवणीपासून उजवी कड साडेसहा इंच. डावी सव्वासात.

मास्तरला विचारलं की हिच्या अंगावर कुणी कापूस चढवला का. तो म्हणाला की सहा वर्षांत त्याने तिला हात लावलेला नाही आणि लावायची इच्छाही नाही. वरच्या कापडावर एक टाका नवा नाही. मी भिंग लावून पाहिलं. दमट हवेने आतला कापूस फुगतो, असं मी म्हटलं. दमट हवा उजवीकडे का जात नाही, असं तो म्हणाला. चहा घ्यायला मात्र दोनदा आला.

कोट पुन्हा कापते. तू काळजी करू नकोस. दवाखान्यात जे विचारतील त्याला थोडक्यात उत्तर देत जा, पाल्हाळ लावू नकोस.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते संपत नाहीत.

आत्या

*

गुरुवार, १४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लांब्याला वाचून दाखवलं. हसला, आणि उठताना दिव्याला डोकं आपटलं. तेव्हा दोन्ही खुणा पटल्या असं समज.

मुकीला कापडी टेपने मोजलं असशील तर पोलादी टेपने मोज. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबतो, हे तूच मला शिकवलंस. मात्र पत्र पोस्टात टाकायच्या आधी मी हा विचार पुढे नेला आणि तो मला आवडला नाही. लांबलेला टेप माप कमी दाखवतो, जास्त नाही. म्हणजे तुझा टेप जुना असेल तर डावी बाजू सव्वासाताच्याही पुढे आहे. हे लिहू नये असं वाटलं, पण माहीत असून लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवलं की माझ्या वयाच्या मुलीची बीजं इथवर असतात आणि माझी इथे आहेत. दोन खुणांमध्ये माझी चार बोटं मावली. केमोने असं होतं म्हणाल्या. ऑपरेशनच्या आधी इंजेक्शनं देऊन जी हाताला लागतील ती स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात, पण किती लागतील ते सांगता येत नाही. दोन लागतील, कदाचित एकही नाही. घाई करायची की थांबायचं, हे गाठ कसली आहे यावर ठरेल, आणि गाठ कसली असू शकते हे बरंचसं घराण्यावर. म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. मी तिसऱ्यांदा ताप म्हटलं. यावेळी मात्र माझ्याच आवाजाकडे माझं लक्ष गेलं. पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखा तो आवाज होता.

आत्या, मी नऊ वर्षांची होईपर्यंत तू मला शाळेत घातलं नाहीस. अक्षरं मापाच्या वहीवर शिकवलीस, आकडे टेपवर. त्या जाड निळ्या वहीत काही पानं एकमेकांना मशीनने शिवलेली होती, चारी बाजूंनी, बारीक टाक्याने. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस की फाटकी पानं अशीच जपतात. मला ते इतकं पटलं की शाळेत पुस्तक फाटलं तेव्हा मी बाईंकडे सुईदोरा मागितला आणि सगळा वर्ग हसला. आज कचेरीत बसल्या बसल्या वाटलं, फाटकं पान चारी बाजूंनी कुणी शिवत नाही.

आणखी एक आहे, खोटंही असेल. मी पाच वर्षांची असेन. चादरीखाली उभ्या मुकीला मी मिठी मारते आहे आणि माझे हात मागे एकमेकांना पोचत नाहीत. पण मुकी तर माझ्यासारखीच किडकिडीत. तेव्हा तिच्या अंगावर कुणाची मापं होती?

उत्तराची वाट पाहते. थोडक्यात नको, यावेळी पाल्हाळ चालेल.

टाचणी

*

बुधवार, २० मार्च

चि. टाचणीस,
अ. आ.

पोलादी टेपने मोजलं. उजवी साडेसहा. डावी साडेसात.

मास्तर आता तिच्याकडे पाठ करून बसत नाही. त्याचं टेबल त्याने फिरवून घेतलंय, त्यामुळे उजेड उलट्या बाजूने येतो आणि कात्रीची सावली रेघेवर पडते. म्हणून मी मुकीलाच भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तोंड नाही, पण तू समजलीस. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा ती अर्धी खिडकीकडे वळलेली होती, डावी बाजू पुढे करून. फरशीला उतार आहे आणि खालचं चाक ढिलं आहे. चाकाखाली लाकडाचा तुकडा सारलाय.

मोजे पाठवलेत, लोकरीचे. दोन जोड.

जुन्या गोष्टी विचारू नकोस. तुला त्यांचा उपयोग नाही.

आत्या

*

गुरुवार, २८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. पायात घालूनच लिहिते आहे.

माझ्या कचेरीतली एक गोष्ट सांगते. मागे एका गावाच्या नकाशात शेवटची हद्द दोन फूट बाहेर जायला लागली. आम्ही शेवटचीच रेघ तीन महिने मोजत होतो. चूक पहिल्या दगडात निघाली, चाळीस वर्षांपूर्वीच्या. तो ज्याने बसवला त्याला ठाऊक होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं की दोन फुटांनी कुणाचं काय अडतं. त्या दगडापुढचं सगळं गाव मग दोन फूट सरकलेलं होतं, घरं, विहिरी, सगळं.

माझ्या दवाखान्यातल्या फायलीतला पहिला दगड म्हणजे तो ताप. तो बाबांनी बसवला की तू, मला माहीत नाही. बाबा आता नाहीत, म्हणून तुला विचारते. मी रागावलेले नाही. पण संमतीच्या कागदावर मी एका अशा माणसाच्या बाजूने सही करणार आहे जे अजून झालेलं नाही, आणि एका अशा बाईच्या बाजूने जी मला आठवतही नाही. दोघांपैकी एकीचं तरी खरं माप मला हवं.

लहानपणापासून दर वाढदिवसाला तू मला उभं करून मोजायचीस. नवा कपडा शिवायचा नसला तरी. उजवी, डावी, उजवी, डावी. मी त्याला लाड समजत होते. तू काय शोधत होतीस?

आठ तारखेच्या आत पत्र पोचेल असं लिही. घशाशी येतं ते तिथेच ठेवू नकोस.

टाचणी

*

मंगळवार, २ एप्रिल

चि. टाचणीस,
अ. आ.

हे पत्र मी दुपारी लिहिते आहे, दुकान बंद करून. मास्तर बाहेरच्या बाकावर बसलाय. त्याला जा म्हटलं तर गेला नाही.

निळ्या वहीची पानं उसवली. एकवीस वर्षांनी टाका कडक होतो, दोरा तुटत नाही, कागद फाटतो. दोन कोपरे फाटले. आत तुझ्या आईची मापं आहेत, माझ्या अक्षरात, सहा महिन्यांची.

वहिनीची पाळी चुकली आणि पोट दिसायला लागलं. तुझ्या पाठीवर दुसरं येणार म्हणून घरात आनंद. तिने झगे सैल करायला माझ्याकडे दिले. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिला मोजायची, आणि आपली रीत तुला माहीत आहे, मुकीच्या अंगावरचा कापसाचा आधीचा थर काढायचा नाही, त्यावर नवा चढवायचा, तारखेची चिठ्ठी टाचायची. मुकी तेव्हा तिची होती. महिन्याला एक थर. तिसऱ्या महिन्यात मला दिसलं की पोट मधोमध येत नाही. डावी बाजू जास्त. मी वहीत तसं लिहिलंय, वाच: डावी पाऊण इंच जास्त. चौथ्यात सव्वा. मी शेकडो पोटुशा बायकांचे कपडे शिवलेत, टाचणी. माझ्या बोटांना कळलं होतं की हे तसं नाही. मी काय केलं असेल? डावीकडची चुणी खोल घेतली, उजवीकडे थोडी खोटी भर दिली, आणि झगा असा बेतला की दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. सगळ्यांनी माझ्या हाताचं कौतुक केलं. तुझी आई आरशासमोर गोल फिरली. कुणाला दिसलंच नाही. तिलाही नाही. मी बाळाचं झबलंसुद्धा बेतलं होतं.

सहाव्या महिन्यात तिला उभं राहवेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. मूल नव्हतंच. डाव्या अंडाशयाचा कर्करोग, पोटभर पसरलेला. सात आठवड्यांत गेली. ताप हा शब्द तुझ्या बापाचा. तू लहान होतीस म्हणून त्याने तो काढला. तू मोठी झाल्यावर तो मी ठेवला. खरं सांगायचं तर मला चिठ्ठ्यांसकट सगळं सांगावं लागलं असतं.

तुला शाळेत घातलं नाही ते याचसाठी, की डोळ्यांसमोर असावीस. दर वाढदिवसाला मोजलं तेही याचसाठी. तुझ्या विसाव्या वर्षी उजवीकडे अर्धा इंच दिसला, त्याच दिवशी दुकान तसंच टाकून तुला दवाखान्यात घेऊन गेले. तू म्हणालीस आत्याला वेड लागलंय. तिथे त्यांनी तुला घरातल्या आजारांचं विचारलं, तू ताप म्हणालीस, आणि मी शेजारच्या खुर्चीवर होते. मी खाली फरशा मोजत बसले. टेपने तुला वाचवलं असं ते म्हणाले तेव्हाही मी फरशाच मोजत होते.

आता मुकी. तुझ्या मापाची करताना तुझ्या आईचे थर काढून टाकले असं मी सगळ्यांना सांगितलं. काढले नव्हते. हात झाला नाही. जाड पट्ट्यांनी ते घट्ट आवळून बांधले, वर पातळ कापूस दिला आणि त्यावर तुझी मापं चढवली. म्हणून या महिन्यात मला वाटत होतं की पट्ट्या कुजल्या असतील, आतलं दबलेलं वर येत असेल. आज वरचं कापड उसवलं. मास्तरला साक्षीला आत बोलावलं होतं. पट्ट्या कुजलेल्या नाहीत. गाठी मी मारल्या तशाच आहेत, एकही सैल नाही. त्यांच्या आत सहा थर, सहा चिठ्ठ्या, माझं अक्षर, पिवळं पडलेलं. आणि डावीकडे पट्ट्यांच्या वर, तुझ्या कापसाच्या खाली, सातवा थर आहे. त्याला चिठ्ठी नाही. त्याला टाका नाही. कापूस पांढरा आहे, काल पिंजल्यासारखा. मी हात लावला तर ऊन लागला. मास्तरने पण लावला. तो पुन्हा बाकावर जाऊन बसला.

मी तो काढलेला नाही. वरचं कापड नुसतं आडवं टाकून ठेवलंय. आता काय करायचं ते तू सांग. या घरात आजवर माप मी सांगत आले, ते माझ्याच्याने पुढे होणार नाही.

आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर तो दिला असं धर.

आत्या

*

गुरुवार, ११ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हक्काचं नंतर बघू, आशीर्वाद मी ठेवून घेतला.

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. आठ तारखेला ते माझ्या पिशवीत होतं, दवाखान्यात, सोनोग्राफीच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर. आता जे लिहिते ते लिहायला मला तीन दिवस लागले. नर्सने फाइल उघडून विचारलं की घरातल्या आजारांत काही बदल, काही नवीन माहिती? पिशवी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी नाही म्हटलं. मग दिवा मालवून तपासणी सुरू झाली आणि मी छताच्या पट्ट्या मोजत पडले. एकोणीस होत्या. तू फरशा का मोजल्यास ते मला तिथे कळलं. मोठ्याने म्हटलं की ते खरं होतं, आणि खरं झालं की त्या पट्ट्यांखाली पडलेली मी, मी राहत नाही, आई होते. म्हणून तुझ्यावर रागवायची माझी सोय राहिलेली नाही. चार वेळा मी तो ताप सांगितलाय. पहिले तीन तुझ्या नावावर, चौथा माझ्या.

माप असं: गाठ आता पाच पूर्णांक एक सेंटिमीटर. म्हणजे दोन इंच. माया न धरता. आत मागच्या वेळी नव्हता तो एक पडदा दिसतो. बाई म्हणाल्या की आता फार थांबायचं नाही. मी त्यांना विचारलं की बाहेरून काही दिसेल का, कमरेला फरक पडेल का. दोन इंचांच्या गाठीने काहीच दिसत नाही म्हणाल्या.

घरी येऊन मी कचेरीच्या पोलादी टेपने स्वतःला मोजलं. खिडकीशी, भर दुपारी, श्वास सोडून. उजवी साडेसहा. डावी साडेसात. मग लांब्याला मोजायला सांगितलं. त्याला तुझी पत्रं दाखवलेली नाहीत, मुकीचं काही माहीत नाही. त्याने दोनदा मोजलं आणि विचारलं की दोन बाजूंची मापं वेगळी असायला हवीत का. मी म्हटलं नको. त्याने टेप गुंडाळून माझ्या हातात दिला. नंतर म्हणाला की मूल होवो न होवो, दिव्याला डोकं आपटायला एक माणूस या घरात राहीलच. हे मी फक्त तुला लिहिते. वाचून मास्तरला चहा पाज.

ठरवलंय ते क्रमाने लिहिते. निळी वही घेऊन तू इकडे ये. फाटक्या कोपऱ्यांसकट. आपण दोघी आत जाऊ, आणि यावेळी मधल्या खुर्चीवर मी बसेन, म्हणजे तुला फरशी नीट दिसणार नाही. ‘घरात कुणाला होता का’ या ओळीतलं ‘नाही’ मी स्वतः खोडीन आणि आईला होता असं लिहीन, बाजू डावी, आणि तुझी मापं त्यांच्यापुढे ठेवीन. त्यानंतर बीजं काढायची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू करा म्हणून सांगीन. दोन लागली तर दोन. एकही नाही लागलं तर ते मी तुला मागच्यासारखं वाढवून कळवणार नाही. मग कपाटातला कागद काढून त्या शेवटून दुसऱ्या ओळीखाली सही करीन. मी भीतीने सही करत नाही. आईला कुणी विचारलंच नव्हतं. मला विचारलंय, म्हणून मी उत्तर देते आहे.

आता मुकी. सातवा थर काढू नकोस. पट्ट्यांनी पुन्हा आवळूही नकोस. तिला भिंतीकडून खिडकीकडे वळव, चाकाखालचा लाकडाचा तुकडा काढ, तिला जसं उभं राहायचं तसं राहू दे. वाढली तर वाढू दे. तू तिला रोज मोज, दोन्ही बाजू, आणि जे येईल ते उघडं लिही. चुणी घेऊ नकोस. मास्तरला सांग की त्याचं टेबल पूर्वीच्या जागी न्यायला हरकत नाही, आता ती कुणाच्या पाठीमागून येणार नाही.

एक मात्र कर. चिठ्ठी नसलेला थर आपल्या घरात कधी राहिला नाही, तो राहू देऊ नकोस. कापूस ऊन असला तरी हात लाव. कोरी चिठ्ठी घे, तुझ्या अक्षरात लिही, आणि कच्च्या टाक्याने नको, पक्क्या टाक्याने टाच. आपण दोघी दवाखान्यात जाणार ती तारीख तिच्यावर घाल, म्हणजे ती उद्या चुकून मागे पुढे सरकणार नाही. पहिल्या गाडीने निघालीस तर वेळेवर पोचशील, मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी असेन. कोट आणलास तर घालीन, बटण न लागलं तरी.

लोभ होता तेवढाच ठेव. आकडा मला माहीत आहे.

तुझी,
टाचणी

चिठ्ठीवर असं लिही: सोमवार, २२ एप्रिल, सकाळी साडेनऊ.